रंगविलासमधून आजींची सुटका

नाट्यगृहात मुलांचं शिबिर भरवायचं तर अग्निशमन खात्याची परवानगी लागते, ही गोष्ट आमच्या मंडळात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मी ती सभेत मोठ्याने बोललो. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सभा म्हणजे रंगविलास नाट्यगृहाच्या व्हरांड्यात टाकलेल्या चार खुर्च्या. रंगविलास हे दांडिया बाजाराच्या मागचं, संस्थानी राजवटीच्या काळातलं थिएटर. रंगमंच लाकडी, गॅलरी लाकडी, पायऱ्या लाकडी, आणि अध्यक्ष उदयसिंहराव त्याच काळात घडवल्यासारखे ताठ. मे महिन्याच्या सुटीत शाळकरी मुलांना तिथे नाट्यशिबिरात नाच, गाणी, मुखवटे शिकवायचे आणि शेवटी मुलांनीच रचलेलं नाटक करायचं असं ठरलं होतं. शिकवायला श्रद्धा नावाची नाट्यशास्त्र शिकलेली तरुण मुलगी होती. माझ्याकडे काम होतं पिण्याच्या पाण्याचं. तेवढंच करून मी गप्प बसलो असतो तर आज मला बडोद्यात कुणी ओळखलं नसतं.

"आनंदराव," उदयसिंहराव म्हणाले, "या रंगमंचावर आम्ही पेटत्या मशाली घेऊन नाटकं केली आहेत. कधी काही झालं नाही."

मी कोयलीच्या रिफायनरीत सेफ्टी विभागातून निवृत्त झालो. माझ्यासमोर लाकडी गॅलरी आणि मशाल हे दोन शब्द एका वाक्यात उच्चारू नयेत. त्यांनी उच्चारले. दुसऱ्या दिवशी मी अर्ज देऊन आलो.

अकोटा भागातल्या आमच्या सोसायटीत बातमी माझ्याआधी पोचली होती. तळमजल्यावरचे किरीटभाई झोपाळ्यावर बसून होते. त्यांचा नातू शिबिरात होता.

"आनंदभाई, आ शुं कर्युं?" ते कळवळून म्हणाले. "परवानगी मागो तो कोई ना पाडे. मागो ज नहीं, तो ना कोण पाडवानुं?"

परवानगी मागितलीच नाही तर नकार कोण देणार, असं त्यांचं म्हणणं; मी त्यांना नियमांचं महत्त्व सांगितलं. ते ऐकून त्यांच्या बा, म्हणजे आई, आतून म्हणाल्या, "आने चा पिवडाव." बांचं वय झालं होतं, पण आवाजावरून माणसाची अवस्था ओळखत. घरी कांचन, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "तुम्हाला निवृत्त झालात हे कुणी सांगितलं नाही का?" तत्त्वाच्या माणसाला घरात उत्तरं द्यावी लागत नाहीत, किंवा देऊन उपयोग नसतो.

पाहणीला प्रतापसिंह राणा नावाचे अधिकारी आले. भरदार मिशा, इस्त्रीचा युनिफॉर्म, चेहऱ्यावर एक सुरकुती हलेल तर शपथ. त्यांनी गॅलरीवर बोटं वाजवून पाहिली.

"सागवान आहे," उदयसिंहराव अभिमानाने म्हणाले. "बर्मा टीक."

"सागवान पण बळे, साहेब."

सागवानही जळतं हे खरंच होतं; मी मान डोलावली. उदयसिंहरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शत्रूच्या छावणीत जाऊन जेवलो होतो. राणासाहेबांनी विंगेतलं दार पाहिलं. ते मागच्या गल्लीत उघडत होतं आणि दोन माणसं एकदम जाऊ शकणार नाहीत एवढं अरुंद होतं. त्यांनी शिट्टीसारखा श्वास सोडला आणि निर्णय दिला. नाटकाच्या दिवशी दुपारी पालकांना बसवून रंगीत तालीम करायची, मधेच घंटा वाजवायची, आणि सगळं थिएटर शिस्तीत रिकामं होतंय हे त्यांना दाखवायचं. झालं तर संध्याकाळच्या प्रयोगाला परवानगी, नाहीतर दाराला कुलूप.

श्रद्धाचा चेहरा पडला. मुलांनी जीव ओतला होता त्या नाटकात. विश्वामित्री नदीला पूर येतो, एक मगर वाहत वाहत सोसायटीत शिरते, सगळे पळतात, आणि गच्चीवर अडकलेल्या एका आजींना ती मगर पाठीवर बसवून सुखरूप पोचवते, अशी गोष्ट. बडोद्यात पुरात मगरी खरंच सोसायट्यांत शिरतात, त्यामुळे मुलांना यात अशक्य काही वाटत नव्हतं, मगरीच्या सभ्यपणाचा भाग सोडला तर. अर्धं नाटक मराठीत, अर्धं गुजरातीत, कारण मुलं तशीच बोलत होती. मगर व्हायला सगळे तयार होते. आजी व्हायला कुणी तयार नव्हतं. म्हणून आजी आम्ही तयार केल्या. खंडेराव मार्केटातून आणलेली पोती, जुन्या गादीचा कापूस, कांचनच्या आईचं नऊवारी लुगडं, थिएटरच्या पेटीतला पांढऱ्या केसांचा टोप आणि माझा जुना चष्मा. हातांना मोजे, पायांत चपला. आरामखुर्चीत बसवल्या की व्हरांड्यातून जाणारा माणूस त्यांना नमस्कार करून जाई.

घंटा वाजल्यावर काय करायचं, याची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. मी मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीदाराचा हात धरायचा, पळायचं नाही, ढकलायचं नाही, आणि काहीही झालं तरी जोडीदाराला आत सोडून बाहेर यायचं नाही. हे मी त्यांच्याकडून रोज वदवून घेत असे. एक मुलगी एकटी उरली. सानवी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राचीची लेक, दुसरीतून तिसरीत गेलेली. नाटकात ती आजींची नात होती.

"तू आजीचा हात धर," श्रद्धा हसून म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. सानवी हसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण कोयलीत आम्ही सराव करायचो तेव्हा धूर असायचा. धुराशिवाय सराव म्हणजे नुसती सहल. मी ही कल्पना मांडली तेव्हा श्रद्धा म्हणाली, "काका, गरज आहे का?" उदयसिंहराव म्हणाले, "करा, आता काय राहिलंय." राणासाहेब फोनवर म्हणाले, "तमारी जवाबदारी." मला तो गौरव वाटला.

लग्नात वधूवर स्टेजवर येताना पायाशी ढग सोडतात, त्या यंत्राचा मालक किरीटभाईंच्या ओळखीचा निघाला. ढग निर्धोक, खोकलासुद्धा क्वचितच येतो, असं त्याने सांगितलं.

तो दिवस उजाडला. ऊन असं की थिएटरच्या आवारातल्या चौकात कडुनिंबाखाली बांधलेली बंबाची गाडीसुद्धा धापा टाकतेय असं वाटावं. थिएटर पालकांनी भरलं. किरीटभाई बांना घेऊन आले आणि कडेच्या खुर्चीवर बसवून पंख्याच्या शोधात गेले. राणासाहेब हातात घड्याळ घेऊन दाराशी उभे राहिले. नाटक सुरू झालं, पूर आला, मगर दिसली, आणि मी घंटा दाबली. ठरल्याप्रमाणे थिएटरचे दिवे बंद झाले. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंनी धूर आला.

मुलांनी जे केलं ते पाहून मला भरून आलं. हात हातात, एकही आरडाओरडा नाही, मगरसुद्धा पोटातल्या सगळ्या मुलांसकट, आपली पाठ आणि शेपटी रंगमंचावरच सोडून, दोन दोनच्या ओळीत बाहेर पडली. पालकच काय ते एकमेकांच्या चपला तुडवत होते. सगळे कडुनिंबाखाली जमले. राणासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीची एक बाजू जराशी वर गेली. उदयसिंहरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि प्राची म्हणाली, "सानवी कुठाय?"

असेल इथेच, असं मी म्हटलं. प्रत्येक गर्दीत असं म्हणणारा एक माणूस असतो. मी मुलांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग नावं घेत फिरवली. मग हाताने प्रत्येकाच्या डोक्याला शिवत गेलो. मगरीच्या पोटातली मुलं तपासली. सानवी नव्हती.

"सानवी!" प्राचीने हाक मारली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

आम्ही सगळे वळलो. थिएटरच्या दारातून धूर बाहेर येत होता. आता तो कमी व्हायला हवा होता. तो वाढत होता. मी यंत्रवाल्याकडे पाहिलं. तो मोबाइलवर ओरडत होता, "बटन बंध कर! बंध कर ने!" बटण अडकलं होतं. थिएटरची वीज बंद होती, पण यंत्र चालत होतं त्याच्या टेम्पोतल्या जनरेटरवर, आणि टेम्पो मागच्या गल्लीत उभा होता. मागच्या गल्लीत नेमका कुठे, असं राणासाहेबांनी विचारलं. विंगेतल्या दाराला अगदी लागून, असं उत्तर आलं.

राणासाहेबांनी बोट दाखवताच त्यांची माणसं गल्लीकडे धावली. मी दाराकडे धावलो. "काका, थांबा," श्रद्धा ओरडली. "ए भाई, अंदर ना जाव!" राणासाहेब ओरडले. पण मी आत गेलो होतो.

तो धूर खोटा आहे हे मला माहीत होतं. मीच मागवला होता. पण पुढच्या रांगेच्या खुर्च्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा हे माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. आणि सानवीला तो खोटा आहे हे कुठे माहीत होतं? एवढीशी पोर. अंधार. वरून जुनी लाकडी गॅलरी, कुठे ठेचकाळून पडली असेल, कुठे पाय अडकला असेल. नोकरीत मी कितीतरी अपघातांचे अहवाल लिहिले. त्यांत माणसाच्या छातीत काय होतं याला रकाना नव्हता. मी खाली वाकलो आणि रांगत निघालो, कारण खाली धूर विरळ असतो हे मी हजार लोकांना शिकवलं होतं. लग्नातला ढग मात्र खालीच जास्त असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"सानवी! बाळा, ओ दे!"

काही नाही. मी रंगमंचाच्या पायऱ्या हातांनी चाचपडत चढलो. आरामखुर्चीला हात लागला. खुर्ची रिकामी होती. क्षणभर मला काही उलगडेना. आणि मग विंगेतून कुणीतरी दार ढकलत असल्यासारखा आवाज आला. ढप्प. थांबून पुन्हा ढप्प.

सानवी तिथे होती. दार टेम्पोला अडकून जेमतेम वीतभर उघडलं होतं. एवढीशी पोर त्या फटीतून सहज निसटली असती. पण तिने दोन्ही हातांनी आजींचा हात धरला होता आणि पाठीने दार ढकलत होती. आजी दारात आडव्या अडकल्या होत्या.

"सानवी! चल, चल बाहेर!" मी तिला उचलायला गेलो. तिने हात झटकला.

"आजी राहिल्या ना!"

"राहू दे त्यांना!"

तिने माझ्याकडे पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. "तुम्हीच रोज सांगता, जोडीदाराला सोडून यायचं नाही."

आजी पोत्याच्या आहेत, असं म्हणावंसं वाटलं. पण ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. रोज त्यांची मान तीच सरळ करत असे. मी आजींना खांद्यावर टाकलं. अंगात कापूस असूनही त्यांचं वजन बऱ्यापैकी होतं.

"माझा शर्ट धर. सोडू नकोस."

"मी आजीचा पाय धरलाय," मागून आवाज आला.

आम्ही तिघं निघालो. दोनदा मी चुकून परत रंगमंचाकडेच आलो. एकदा खुर्चीच्या दांड्याने कंबरेत असा दणका दिला की डोळ्यांपुढे तारे चमकले, पण त्या धुरात तेवढाच उजेड. शेवटी समोर पांढुरका चौकोन दिसला. ते दार होतं.

आता हेच बाहेरून कसं दिसलं ते सांगतो. धुरातून एक घामाघूम, खोकणारा, वाकलेला माणूस बाहेर येतो. त्याच्या खांद्यावर नऊवारीतली एक वृद्ध बाई, हात लोंबताहेत, मान मागे पडलेली, एक चप्पल गळालेली.

आणि मग पंखा शोधून परत आलेल्या किरीटभाईंनी बांना आत खुर्चीवर बसवल्याचं आठवून टाहो फोडला.

"मारी बा!"

त्यांच्या बा नऊवारी नेसत नसत, आयुष्यात नेसल्या नव्हत्या. पण अशा वेळी माणूस वस्त्र पाहत नाही. चारपाच बायका रडायला लागल्या. बंबावरचे दोन जवान स्ट्रेचर घेऊन धावले आणि आजींना माझ्या खांद्यावरून उचललं. मी सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडातून फक्त खोकला बाहेर आला. एकाने आजींना मास्क लावला. दुसऱ्याने मनगट धरलं, मोज्यावरून चाचपलं, आणि मान वर करून म्हणाला, "साहेब, पल्स नथी."

"अरे, बरोबर जो!" राणासाहेबांनी नीट बघायला फर्मावलं.

त्याने दंडापर्यंत हात नेला. त्याचा चेहरा बदलला. "साहेब... हाडकां पण नथी."

तोपर्यंत प्राचीने सानवीला उचलून असं घट्ट धरलं होतं की पोरीला श्वास घ्यायला जागा नव्हती. मी ते पाहिलं आणि तिथेच मटकन खाली बसलो. मला हसू येत होतं की रडू, ते ठरेना. एवढ्यात फाटकातून किरीटभाईंच्या बा आल्या. हातात सेव-उसळीची प्लेट. घरी तिखट बंद केलं होतं त्यांचं, म्हणून गर्दीचा फायदा घेऊन कोपऱ्यावरच्या लारीवर, म्हणजे खाण्याच्या हातगाडीवर, गेल्या होत्या. रडणाऱ्या मुलाकडे बघून त्यांनी प्लेट पाठीमागे लपवली आणि विचारलं, "कोण गयुं?"

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर "ॐ शांती" सुरू झालं होतं. एकाने माझ्या सासूबाईंना श्रद्धांजली वाहिली होती, नऊवारी ओळखून. सासूबाई पुण्यात हे वाचत होत्या. कांचनने फोनवर आईला सावरलं आणि मग माझ्याकडे आली. मला वाटलं, आता बोलणार. तिने पदराने माझं तोंड पुसलं. त्याची मला जास्त भीती वाटली.

राणासाहेब मात्र बोलले. टेम्पो कुणाचा, यंत्र कुणाचं, आत शिरायला मला कुणी सांगितलं, हे सगळं त्यांनी भर चौकात विचारलं आणि कोणत्याच प्रश्नाला उत्तर देऊ दिलं नाही. सेफ्टी विभागाचा निवृत्त अधिकारी कडुनिंबाखाली अपराध्यासारखा उभा होता आणि सोसायटी ऐकत होती. मग ते सानवीपुढे उकिडवे बसले. "बेटा, अंदर केम रही गई?"

"जोडीदार होती माझी," सानवी म्हणाली.

त्यांनी श्रद्धाकडे पाहिलं. श्रद्धाने गुजरातीत समजावून सांगितलं. ते स्ट्रेचरवरच्या आजींकडे बराच वेळ बघत राहिले.

थिएटरला कुलूप लागलं. दार रुंद होईपर्यंत उघडणार नाही. मुलं रडायला लागली. उदयसिंहराव, ज्यांना मी कधी कुणाला विनंती करताना पाहिलं नव्हतं, ते पुढे झाले आणि म्हणाले, "राणासाहेब, चौकात केलं तर?"

"खुल्ला मां मने वांधो नथी," राणासाहेब म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पण आ भाई अहीं छे त्यां सुधी मारी गाडी अहीं ज रहेशे."

अशा रीतीने, मी तिथे असेपर्यंत बंबाची गाडी हलणार नाही या अटीवर, संध्याकाळी आमचं नाटक कडुनिंबाखाली झालं. वीज बंदच होती, त्यामुळे प्रकाश बंबाच्या गाडीवरच्या दिव्याचा. पालक पायऱ्यांवर, जमिनीवर, स्कूटरींवर. पूर आला, लोक हसले, घाबरले. मग मगर आली. मगरीचं पुढचं अर्धं अंगच आलं होतं. शेपटी आणि पाठ कुलपाच्या आत राहिली होती. आजींना बसवायचं ते नेमकं त्याच पाठीवर.

मगर थांबली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. श्रद्धा माझ्याशेजारी उभी होती, तिने ओठ चावला. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. कुठल्याही क्षणी कुणीतरी रडेल आणि सगळं मोडेल असं वाटत होतं. सानवी आजींसाठी व्हरांड्यातून आणलेल्या खुर्चीपाशी उभी होती. ती गाडीच्या दिव्याकडे बघत होती. मग चालत रंगमंचाच्या, म्हणजे खडूने आखलेल्या रेघेच्या, बाहेर आली आणि गाडीला टेकून उभ्या असलेल्या राणासाहेबांचा हात धरला.

"मगरीला नाही जमत," ती म्हणाली. "तुम्ही आजीला उचला."

राणासाहेब दगडासारखे उभे राहिले. सगळं थिएटर, जे आता चौकात होतं, त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी टोपी काढली. टोपी परत घातली. मग रेघ ओलांडून आत गेले. सानवीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी घसा साफ केला.

"बा," ते म्हणाले, "गभराशो नहीं. हुं छुं ने."

आणि त्यांनी आजींना उचललं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, जसं खऱ्या माणसाला उचलतात तसं. सानवीने आजींचा लोंबणारा हात धरला. तिघं प्रेक्षकांतून वाट काढत गाडीपर्यंत गेले. किरीटभाईंच्या बांनी "हाश" म्हटलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

गर्दी पांगल्यावर मी नळी गुंडाळणाऱ्या जवानांपाशी आभार मानायला गेलो. राणासाहेब बाजूला उभे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मला जरा दूर नेलं, आणि दुपारपासून पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"साहेब, साचुं कहेजो. मारो अवाज छेल्ले सुधी गयो?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिशांखाली एवढी काळजी मी कुठल्याच अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेली नव्हती.

"छेल्ली लाइन सुधी," मी म्हणालो.

खरं तर त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सोडाच, पहिल्या दोन रांगांच्या पलीकडेही गेला नव्हता. पण दार रुंद करायची परवानगी मागायला उद्या मला त्यांच्याकडेच जायचं होतं.